आधी टेपची चाल बघा, मग हेड मोजा

कॅसेट डेक घ्यायचा तर तीन हेडचाच घ्यावा, असा सल्ला दिला जातो; तो मला अर्धाच पटला. (हेड म्हणजे टेपवरचा आवाज पुसणारा, भरणारा किंवा वाचणारा भाग.) रेकॉर्डिंग चालू असतानाच टेपवर काय उमटतंय ते ऐकायचं असेल, तर तिसरं हेड हवंच. नुसत्या कॅसेट ऐकायच्या असतील तर टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने एकसारखी सरकते का, ते जास्त महत्त्वाचं. पियानोचा लांबलेला सूर लावून बघा. थरथरला, तर बहुधा बेल्ट सैल झालाय किंवा पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) कडक पडलाय. ते बदलता येतात. झिजलेल्या हेडच्या जागी नवं हेड मिळणं मात्र फार कठीण. त्यामुळे टॉर्च मारून हेड नीट बघाच, टेपच्या रुंदीची खाच दिसली तर तो डेक सोडा. आणि हो, कॅसेट डॉल्बीवर (टेपची सळसळ कमी करणारी सोय) भरलेल्या असतील तर जुनाच डेक बघा, आजच्या बहुतेक नव्या डेकमध्ये डॉल्बी नसतं.