हाइंकेल १११ च्या नाकाची काच आतून पांढरी पडली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हाइंकेल हे-१११ पी या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बर विमानाचं १:७२ मॉडेल करतोय. तीन महिने झाले, रात्री जेवणं उरकली की तासभर बसतो. सांधे पुट्टी भरून घासले, रंगही झाला: खाली फिकट निळा, वर गडद हिरव्याच्या दोन छटा. १९४० मध्ये इंग्लंडवर गेलेल्यांपैकी एक करायचंय.

पण या विमानाचा सगळा जीव काचेच्या नाकात आहे. पायलट डावीकडे बसायचा, त्याला समोरचं दिसावं म्हणून टोकाची बंदूक उजवीकडे सरकवलेली. त्यामुळे अख्खं नाकच वाकडं. मला ते फार आवडतं. आतलं सगळं दिसणार म्हणून सीटचे पट्टेसुद्धा कागदाचे कापून लावले होते.

परवा सीट सुटली. सुपरग्लूचा थेंब टाकून बसवली आणि लगेच फेविकॉलने काच लावून टाकली. बाहेर धो धो पाऊस. सकाळी बघतो तर काच आतून दुधाळ, आणि त्यात माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजता येईल असा.

नेलपॉलिश रिमूव्हरने जाईल का? घासली तर चौकटींचे उंचवटे जातील, ही भीती आहे. सुटी काच कुठेच मिळत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद
रिमूव्हर अजिबात नको! त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की दमट हवेत अशीच बसते, बोटाच्या ठशावर तर आधी. पोलीस याच वाफेने ठसे उठवतात. काच फेविकॉलने लावलीत हे नशीब. बारीक ब्रशने सांध्यात कोमट पाणी सोडत राहा, जोर लावू नका. सुटली की आतून कापसाच्या काडीवर पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासा. आतल्या बाजूला उंचवटे नसतात, त्यामुळे काळजी नको. धुवून वाळवा, मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ग्लॉसमध्ये बुडवून वाटीखाली झाकून ठेवा, धूळ बसणार नाही. बारीक ओरखडे त्यात भरून निघतात.

धागाकर्ता
मनापासून आभार! तासभर पाणी सोडतोय. खालचा डावा कोपरा आत्ता हलला.