सिटकॉमच्या अभ्यासात अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी अमेरिकन सिटकॉम (टीव्हीवरची विनोदी मालिका) घेतलंय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय.

१९७१ साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’मधला आर्ची बंकर: आपल्या खुर्चीत बसून काळ्यांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारा. त्याच्या पूर्वग्रहांची टर उडवावी, हा कर्त्यांचा हेतू. पण १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा मुळात पूर्वग्रह असलेल्यांना आर्चीचंच म्हणणं जास्त पटत होतं! विनोद तोच, अर्थ मात्र उलटा.

माझे मार्गदर्शक म्हणतात, संहितेचं विश्लेषण पुरे. मला नाही पटत. नुसत्या संवादांवरून बघणाऱ्याच्या मनातलं कसं कळणार? संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलची मांडणी (प्रेक्षक अर्थ स्वीकारतो, वाटाघाटी करतो किंवा धुडकावतो) वाचली. पण आर्चीवर खूश होऊन हसणारा यातल्या कुठल्या खणात बसवायचा? शिवाय मालिकेत स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं, ते घरच्या प्रेक्षकाला कितपत ढकलतं, हाही प्रश्न आहेच.

कुणी विनोदाच्या प्रेक्षक-अभ्यासावर काम केलंय का? मुलाखती घ्याव्यात की गटचर्चा? मराठीत यावर काही लिहिलं गेलं असेल तर तेही सुचवा. आराखडा लवकरच द्यायचा आहे.