धातूची झडप बसवलेली असताना अँजिओग्राफी : सल्ला हवा आहे

माझे वडील ६८ वर्षांचे असून आम्ही लालबागला राहतो. १९९९ साली परळच्या रुग्णालयात त्यांच्या महाधमनीच्या झडपेच्या जागी चित्रा ही भारतीय बनावटीची कृत्रिम झडप बसवण्यात आली आणि तेव्हापासून ते रोज एसिट्रॉम ही रक्त गोठू न देणारी गोळी घेतात. आता जिना चढताना छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी (बारीक नळी घालून हृदयाच्या धमन्यांची तपासणी) सुचवण्यात आली आहे. नळी झडपेत अडकेल का, ही आईची धास्ती आहे. शिवाय काकांच्या मते गोळी आठवडाभर आधीच बंद करावी. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे झडपेच्या वर, महाधमनीतच असतात, त्यामुळे नेहमीच्या अँजिओग्राफीत नळीला झडप ओलांडावी लागत नाही. आईंची शंका मात्र निराधार नाही. चित्रा झडपेत एकच चकती तिरकी होऊन उघडते आणि तिच्यातून नळी हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात नेल्यास ती अडकू शकते किंवा चकती मिटेनाशी होऊ शकते, म्हणून तसे करणे टाळतात. झडपेवरील दाबाचा अंदाज बहुधा इकोवरूनच (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) येतो. कप्प्यातला दाब प्रत्यक्ष मोजणे अटळच असेल, तर दोन कर्णिकांमधल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या) पडद्यातून वाट काढतात.

काकांचे मात्र मुळीच ऐकू नका. गोळी परस्पर बंद केल्यास झडपेवर गुठळी धरण्याचा धोका असतो, आणि तो सुईच्या जागी होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर आहे. मनगटातून तपासणी होणार असेल, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) आटोक्यात असताना गोळी चालू ठेवूनही ती अनेक ठिकाणी करतात. जांघेतून करायची असल्यास आयएनआर खाली आणावा लागतो आणि मधल्या काळात हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंची तपासणी मनगटातूनच झाली. झडपेचे कार्ड, आयएनआरची वही आणि क्रिएटिनीनचा (मूत्रपिंडांच्या कामाच्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल सोबत न्या, कारण तपासणीत टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आधीच सांगा.

धागाकर्ता
मनःपूर्वक आभार. गोळी चालू आहे. कार्ड आईच्या ट्रंकेत सापडले, त्यावर झडपेचा आकारही लिहिलेला आहे. मनगटातून करता येईल का, हे सोमवारी डॉक्टरांना विचारून इथे कळवतो.