चिकाने हात भरलेले असताना नुसत्या हाताच्या इशाऱ्यांवर कंप्युटर चालवता येईल का? लेझरवालं काही मिळतं का?

कलमवाली_देवगड
नमस्कार मंडळी. आमची हापूसची बाग आहे, सीझनला सकाळी काढणी झाली की दुपारपासून पडवीत पेट्या भरायचं काम चालू होतं आणि ऑर्डरी लॅपटॉपवर मीच बघते. देठाचा चीक हाताला लागलेला असतो, दरवेळी हात धुवायला उठायचं म्हणजे अख्खी लाईन थांबते, आणि न धुता माऊस धरला तर बटणं चिकटून बसतात, यावर्षी दोन माऊस गेले. कुठेतरी वाचलं की लेझरने बोटं ओळखून कंप्युटर चालवतात. मला फक्त पुढची ऑर्डर, मागची ऑर्डर आणि "पेटी भरली" एवढंच हवंय. कोणी वापरलंय का?

रत्नांग्रीकर
ताई, लेझरवालं खरंच आहे. टोकियो विद्यापीठात इशिकावा यांच्या लॅबमध्ये कासिनेली वगैरे मंडळींनी कॅमेऱ्याशिवाय बोट ट्रॅक करून दाखवलेलं. आरशांनी लेझरचा किरण हलवून बोटाच्या टोकाभोवती बारीक गोल फिरवायचा, परत येणारा उजेड गोलाच्या कुठल्या बाजूला बदलला त्यावरून बोट कुठे सरकलं ते कळतं आणि गोल तिकडे न्यायचा, बस. मला हे फार सुंदर वाटतं, कारण अख्खा फोटो घेऊन त्यात बोट शोधत बसायची गरजच नाही. पण ते लॅबमधलं काम, दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. 2010 चा पहिला किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा गेम खेळायचा सेन्सर, तोसुद्धा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) लेझरचे ठिपके टाकून अंतर मोजायचा, पण तो अख्ख्या माणसासाठी, बोटांना कच्चा. 2013 ला लीप मोशन हे हात ओळखणारं छोटं यंत्र आलं, त्याला बरेच जण लेझर समजतात पण त्यात इन्फ्रारेड एलईडी आणि दोन कॅमेरे आहेत. तुमच्या कामाला साधा वेबकॅम आणि गुगलचं मीडियापाईप हे हात ओळखणारं सॉफ्टवेअर बास, फुकट आहे. ते आधी तळवा शोधतं, मग हातावर 21 पॉइंट बसवतं. अंगठ्याचं टोक 4 नंबर, तर्जनीचं 8, या दोघांतलं अंतर कमी झालं की क्लिक धरायचा.

वेंगुर्ल्याचो
आमचं काजूचं युनिट आहे, टरफलाचं तेल हाताला लागतं ते तर कातडी सोलवटतं, म्हणून मी लीप मोशन घेऊन बघितलेलं. सकाळी एकदम मस्त चालायचं आणि तीन वाजता ऊन तिरकं आत आलं की हात दिसेनासाच व्हायचा, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. शेवटी टेबल माजघरात नेलं. आणखी एक, हवेत हात धरून माऊससारखा पॉइंटर हलवायच्या भानगडीत पडू नका, दहा मिनिटांत खांदा भरून येतो. दोन-तीन इशारे ठेवा, तेवढेच.

कलमवाली_देवगड
खूप आभार दोघांचे! भाचा इंजिनिअरिंगला आहे, रविवारी आला आणि मीडियापाईप बसवून गेला. वेबकॅम वाशाला उलटा टांगलाय, बरोबर टेबलावर बघतो. हात छान ओळखतो, चीक लागून काळी झालेली बोटंसुद्धा. पण नवीनच त्रास झाला, आंबा आम्ही देठाला दोन बोटांनी धरून उचलतो ना, तो प्रत्येक वेळी क्लिक समजतो, पेटीत पाच आंबे जाईपर्यंत ऑर्डर पाच घरं पुढे.

रत्नांग्रीकर
अरे हो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चिमटीचा इशारा काढूनच टाका. पंजा पूर्ण उघडा आणि स्थिर, असा ठेवा, आंबा हातात असताना पंजा कधीच उघडा नसतो. भाच्याला सांगा पाचही बोटांची टोकं 0 नंबरच्या पॉइंटपासून, म्हणजे मनगटापासून, लांब आहेत का ते बघ, आणि सलग 20 फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याची 20 चित्रं, तसंच दिसलं तरच ऑर्डर पुढे ने. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमचा असेल तर पाऊण सेकंदही लागत नाही.

कलमवाली_देवगड
केलं. संध्याकाळपर्यंत 38 पेट्या झाल्या, एकदाही चुकीची ऑर्डर पुढे गेली नाही. आता "पेटी भरली"साठी मूठ ठेवू का डावा पंजा, ते सांगा.

वेंगुर्ल्याचो
डावा पंजा. मूठ ठेवलीत तर आंबा धरलेला हात परत गोंधळ घालील.