विषय: नाशिक – आईची भांडी, इथे थ्रिफ्टसारखं काही आहे का? (अर्जंट)

प्रेषक: रेवती

मंडळी, नाशकातून लिहितेय, २१ची अमेरिकेची परतीची फ्लाइट आहे आणि त्याआधी गंगापूर रोडचा फ्लॅट रिकामा करून द्यायचाय. कपड्यांचं झालं, खालच्या काकूंनी आईच्या सुती साड्या दोन दिवसांत वाटल्यासुद्धा. पुस्तकांचं सावानात (सार्वजनिक वाचनालयात) विचारलं, ते आधी यादी द्या म्हणाले, बरोबरच आहे, १८४० सालचं वाचनालय, त्यांना आमच्या फाटक्या दिवाळी अंकांचं काय कौतुक. अडलंय ते भांड्यांवर. पितळी परात, डबे, चाळीसेक पेले-वाट्या, आणि प्रत्येकावर नाव घातलेलं. आईचं, आजीचं, नाहीतर देणाऱ्याचं. एका आश्रमात रिक्षा भरून घेऊन गेले तर म्हणे नावं असलेली नकोत, तशीच परत आणली. भांडी बाजारात मोडीत घालायला हात धजत नाही, घट धरून वजनावर घेणार आणि ती परात वितळणार. तिकडे आपण डिकी भरून गुडविलच्या, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या थ्रिफ्ट दुकानाच्या, मागच्या दाराशी सोडून येतो तसं काहीच नाही का इथे?

प्रेषक: प्रशांत

बोहारीण. पण ती कपडे घेऊन भांडी देते, तुला उलटी बोहारीण पाहिजे :)

बाकी आश्रमाला वगैरे दिलंस तर पावती घे, इकडे टॅक्समध्ये धरता येईल. नाहीतर आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या नावाने दे आणि सुहासकाकांकडून पावती.

प्रेषक: सुहास (खजिनदार)

प्रशांत, मंडळाच्या पावत्या मी देतो त्यामुळे हे मीच सांगतो. मंडळाच्या हातात न आलेल्या वस्तूची पावती मिळणार नाही, गणपतीला समोसे आणले त्याची मागितली होती तेव्हाही हेच सांगितलं होतं. भारतातल्या संस्थेला परस्पर दिलेलं इकडच्या रिटर्नमध्ये चालत नाही, आणि तिकडची देणगीवरची करसवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. गुडविलच्या पावतीवरही किंमत ते लिहीत नाहीत, आपण लिहायची, तीसुद्धा जुनी म्हणून विकली तर काय येईल ती. वस्तू ५०० डॉलरच्या वर गेल्या की रिटर्नला ८२८३ फॉर्म जोडायचा. आणि २०१८पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, एवढं वाढलंय की आपल्यातले निम्मे लोक देणग्या वेगळ्या दाखवून आयटमाइज करतच नाहीत, पावत्या मात्र बुटाच्या खोक्यात जपून ठेवतात.

प्रेषक: मेधा

नावावरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात आपल्या थ्रिफ्टमध्ये (स्टेशनजवळचं, त्या दिवशी निळ्या टॅगवर निम्मी किंमत होती) कपबशांच्या फळीवर एक स्टीलचा पेला दिसला, उलटा केला तर बुडाशी टिंबाटिंबांनी 'चि. विजय, मुंजीनिमित्त, आत्याकडून, १९८१'. तिथेच उभी राहून रडायची बाकी होते. ९९ सेंट. रोज त्यातच ताक पिते. तर सांगायचं काय की रेवती, नाव पुसू नकोस. आणि विजय, तुझा आहे का रे?

प्रेषक: विजय

माझा नाही. मला आत्याच नाही.

प्रेषक: शैला

विजय, लीलाआत्या कोण मग? तुझ्या मुंजीत पंचवटीत पंगतीला तूप वाढत होत्या, मी होते तिथे.

प्रेषक: विजय

त्या बाबांच्या मामेबहीण, शैलामावशी. आणि माझी मुंज ७९ला झाली. पेला मेधानेच ठेवावा.

प्रेषक: अनघा

मी सध्या पंचवटीतच आहे, डिसेंबरात निम्मं मंडळ नाशकातच असतं हे लोक विसरतात. रेवती, नाव घासून काढता येतं, पॉलिशवाला बफ मारून देतो, पण टिंबं खोल असतील तर उजेडात धरल्यावर दिसतातच, आणि चाळीस पेल्यांना तो पैसे लावेल त्यात नवे येतील. बुधवारच्या बाजारात घाटावर जुनं काय काय विकायला असतं, पण तिथे पथारी लावून तू बसणार आहेस का? सरळ तुझ्याकडे काम करायच्या त्या मावशींना विचार. आपल्याला थ्रिफ्टची सवय लागलीये, वस्तू कोणाकडे गेली ते बघावं लागत नाही ना. इथे समोर बघून द्यावं लागतं, त्याचाच त्रास होतो.

प्रेषक: नितीन

त्रास वगैरे ठीक आहे पण थ्रिफ्टला दिलेलं सगळं तिथेच विकलं जातं हा गैरसमज आहे. न विकलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधून बाहेरच्या देशांत जातात, आपल्याकडे गुजरातेत कांडला बंदराला उतरतात, लोकरीचं पानिपतला जाऊन त्याचा धागा आणि ब्लँकेटं होतात. म्हणजे मी इथे टाकलेला स्वेटर माझ्याआधी भारतात पोचतो. मागच्या वर्षी हे लिहिलं होतं तेव्हा कुणी उत्तर दिलं नव्हतं.

प्रेषक: रेवती

नितीन, वाचलं होतं रे.

अनघाताई, मावशींना विचारलं. त्यांना परात आणि डबे हवेत, पेले त्यांच्या दोन्ही सुनांना. पण त्यांनी जी अडचण सांगितली ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती. म्हणाल्या, ताई, तुमच्या आडनावाची भांडी आमच्या मांडणीवर बघून लोक म्हणतील कामावरून उचलून आणली, उद्या कुणाच्या घरात काही हरवलं की पहिलं माझ्याकडे बोट. म्हणजे आश्रमवाल्यांचंही तेच असेल का, मला वाटलं उगाच नखरे करतायत. मग चिठ्ठी लिहून दिली, काय काय दिलं त्याची यादी, खाली सही, तारीख, फोन नंबर, वर त्यांच्यासमोर खालच्या काकूंना वाचून दाखवली. काका, हीच ती पावती समजा! मावशींनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परातीतच ठेवली आणि नातवाला बोलावून सगळं दोन फेऱ्यांत नेलं. नावं काही पुसली नाहीत.

आता उरलाय तो तांब्याचा बंब. आजीचा, नळीसकट, तोटी गळते. कोणालाच नको, गीझर आहेत सगळ्यांकडे. अनघाताई तुम्ही कधी निघताय, आणि २३ किलोच्या दोन बॅगांत काही जागा आहे का? मंडळाच्या हॉलमध्ये दिवाळीला शोभेला ठेवता येईल.

प्रेषक: अनघा

माझ्या दोन्ही बॅगा पापड-कुरडयांनी भरल्यात. विजयला विचार, तो ११ला येतोय आणि जाताना रिकामाच जातो.

प्रेषक: सुहास (खजिनदार)

मंडळाला बंब नको. स्टोरेजचं भाडं मी भरतो, त्यात ९८ सालची पालखी आणि कुणाचा तरी हार्मोनियम अजून पडून आहे, तो ज्याचा असेल त्याने आधी न्यावा.

प्रेषक: विजय

रिकामा जातो हे कोणी सांगितलं? नळी निघते का त्याची?