गिटारवर सी मेजर कॉर्ड धरताना पहिली तार मुकी होते, दोष बोटाचा की नटचा (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीचा)?

मंडळी, मदत हवी आहे. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार आहे. सी मेजरमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मधलं बोट चौथीवर दुसऱ्याला, तर्जनी दुसरीवर पहिल्याला. तर्जनी आडवी पडून पहिल्या तारेला टेकते आणि ती तार टक् असा मुका आवाज देते. ई मायनर मात्र स्वच्छ वाजतो.

नखं कापली आहेत, अंगठा मानेच्या मागे मधोमध आहे, मनगट थोडं पुढे काढलं आहे, बोटं फ्रेटच्या पट्टीलगत ठेवली आहेत. तरी पहिल्या फ्रेटला जोर फार लागतो, आणि जोर लावला की पेर चपटं होतं.

दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावल्यावर हाच आकार नीट वाजतो. शिवाय तिसऱ्या फ्रेटला तार दाबून पाहिलं, तर पहिल्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सहज सरकतं; खरं तर तिथे केसाएवढीच फट हवी. म्हणून संशय नटवर आहे. पण कॅपोने फ्रेटही जवळ येतात, मग हा पुरावा किती धरायचा?

नटच्या खाचा आधी घासून घ्याव्यात, की 0.012 इंच जाडीच्या तारांऐवजी 0.010 चा हलका संच लावून पाहावा? खाच जास्त घासली गेली तर मोकळी तार खरखरेल, ही धास्ती आहे.