मदत हवी आहे: पत्र्याच्या घरात मीडियम वेव्ह कशी पकडावी?

दापोलीजवळचं घर, छत आणि भिंतीही लोखंडी पत्र्याच्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावर वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते, म्हणून बातम्यांसाठी सेलवरचा रेडिओ ठेवलाय. मीडियम वेव्हवर आकाशवाणी अंगणात स्वच्छ, आत नुसती खरखर.

एलईडी दिवे, चार्जर बंद करून पाहिले. रेडिओ खिडकीत ठेवून सगळ्या दिशांना फिरवला, थोडाच फरक. रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला वायर जोडून उपयोग नाही, कारण ती एफएमपुरती. मीडियम वेव्ह आतल्या फेराइट रॉडवर (तार गुंडाळलेली काळी चुंबकीय कांडी, हीच तिची अँटेना) येते. विजांमुळे बाहेर लांब तार नकोच.

आता ६० सेंमी चौकटीवर तारेच्या साधारण ११ वेढ्यांचा लूप (वेटोळ्याची अँटेना) करून खिडकीत, रेडिओशेजारी ठेवायचा विचार आहे. पण लूप केंद्रावर जुळवायला लागणारा ५०० पिकोफॅरड क्षमतेचा गँग कंडेन्सर (फिरवून क्षमता बदलता येणारा) मिळत नाही. एकच केंद्र ऐकायचं असेल तर ठरावीक क्षमतेचा कंडेन्सर चालेल का, आणि तो किती पिकोफॅरडचा हवा हे कसं काढायचं?